शिडाच्या होडीवर आउटबोर्ड: वेग किती आणि ताबा किती

सहा मीटरच्या शिडाच्या होडीला ५ अश्वशक्तीचं आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन, लावलं, तर शांत पाण्यात ती साडेपाच नॉटच्या आसपास जाते (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर). त्याच होडीला १० अश्वशक्तीचं इंजिन लावा. वेग वाढून जेमतेम सहा होईल. ताकद दुप्पट, इंजिनाचं वजन साधारण दीडपट, पेट्रोल जवळपास दुप्पट आणि हाती आला अर्धा नॉट. नव्याने होडी घेतलेल्या प्रत्येकाला मी हा हिशेब आधी सांगतो. मोठ्या इंजिनाच्या मोहात पैसे जातात हे एक, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या अर्ध्या नॉटच्या मागे लागूनच बरेच अपघात होतात. वारा पडल्यावर घरी येणं, धक्क्याला सावकाश लागणं आणि अडचणीतून होडी बाहेर काढणं, एवढ्यासाठी हे इंजिन आहे.

पहिलं काम: होडीची मर्यादा काढा

होडी पुढे सरकते तेव्हा नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, पाणी उचललं जातं आणि तिथून एक लाट निघते. लांब लाट जलद चालते, आखूड लाट मंद. म्हणून होडीचा वेग वाढेल तशी तिची स्वतःची लाटही लांब होत जाते. सावकाश जाताना होडीच्या अंगाला लागून दोन-तीन शिखरं दिसतात. वेग वाढवत नेला की त्यांची संख्या घटते आणि शेवटी एक शिखर नाळेखाली, दुसरं मागच्या टोकाखाली अशी स्थिती येते. होडी आता स्वतःच उठवलेल्या दोन शिखरांच्या मधल्या खळग्यात बसलेली असते. यापुढे रेस वाढवली तर मागचं शिखर आणखी मागे सरकतं, होडीचा पार्श्वभाग आधाराविना खाली बसतो आणि नाळ आपल्याच लाटेचा चढ चढू लागते. हा चढ सहसा संपत नाही.

विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७०च्या दशकात टॉर्की इथे लांब हौदातून जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाण्याच्या या विरोधाचा पद्धतशीर अभ्यास केला. आपल्या कामापुरतं सूत्र सोपं आहे. पाणरेषेची लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि २.४३ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. फुटांत मोजत असाल तर २.४३ च्या जागी १.३४ घ्या. पाणरेषा म्हणजे होडीची एकूण लांबी नव्हे. माणसं आणि सामान चढल्यावर होडीचा जेवढा भाग लांबीने पाण्याला टेकतो, तेवढाच मोजायचा.

पाणरेषा ४ मीटर असेल तर मर्यादा ४.९ नॉट, ५ मीटरला ५.४, ६ मीटरला ६ आणि ७ मीटरला ६.४. म्हणजे सहा नॉट हा ताशी ११ किलोमीटरचा वेग झाला. रस्त्यावर हा सायकलचा वेग आहे, पण अर्धा टन वजनाच्या, ब्रेक नसलेल्या वस्तूसाठी तो कमी नाही.

तळाशी वजनदार कणा (कील) असलेल्या होड्यांना ही मर्यादा जवळजवळ भिंतीसारखी असते. हलक्या, सपाट तळाच्या डिंगीला, म्हणजे लहान उघड्या होडीला, मात्र ती ओलांडता येते, कारण पुरेशी ताकद मिळाली की ती पाण्यावर उचलली जाऊन घसरत पळते. मॅकग्रेगर २६एक्स सारख्या काही होड्या तर ५० अश्वशक्तीच्या इंजिनासाठीच आखलेल्या आहेत. पोटातल्या टाकीतलं पाणी काढून टाकलं की त्या मोटरबोटीसारख्या पळतात. पण टाकी रिकामी असताना होडी सरळ ठेवणारं वजनच नसतं. अशा वेळी शीड चढवायचं नाही, माणसं खाली बसवायची आणि उत्पादकाने सांगितलेली संख्या ओलांडायची नाही. तुमची होडी या प्रकारातली नसेल तर तिच्यावर हा प्रयोग करू नका.

इंजिन निवडताना

माणसं आणि सामान धरून होडीचं वजन काढा आणि टनामागे ४ अश्वशक्ती धरा. समोरचा वारा आणि लाटा यांच्यासाठी लागणारी राखीव ताकद यात आली. पाऊण टनाच्या होडीला ३ ते ४ अश्वशक्ती, दोन टनांच्या होडीला ८ ते १० पुरे होतात. होडीवर क्षमतेची पाटी असेल तर तिच्यावरचा आकडा शेवटचा. दुकानदाराचा आग्रह, शेजारच्या होडीवरचं इंजिन, या गोष्टींना त्या पाटीपुढे किंमत नाही.

माझ्या मते अश्वशक्तीपेक्षा शाफ्टची लांबी जास्त विचारपूर्वक निवडायला हवी. आउटबोर्ड साधारण ३८, ५१ आणि ६४ सेंटिमीटर शाफ्टचे मिळतात. शिडाच्या होडीची मागची फळी उंच असते आणि लाटेवर तिचं मागचं टोक वर-खाली होत राहतं. आखूड शाफ्ट असेल तर पंखा पाण्याबाहेर येतो, हवा गिळतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागच्या जागी राहते. पंख्याच्या वर जी आडवी पत्ती असते ती, माणसं आपापल्या जागी बसलेली असताना, पाण्याखाली निदान अर्धी वीत तरी हवी. बहुतेक लहान होड्यांना त्यासाठी ५१ सेंटिमीटरचा शाफ्ट लागतो. काहींना त्याहून लांब.

पंखाही पाहून घ्या. इंजिनासोबत येणारा पंखा बऱ्याचदा हलक्या, जलद बोटीसाठी असतो. शिडाच्या होडीला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा, म्हणजे एका फेरीत कमी पुढे सरकणारा, पंखा हवा. तो जोर देतो, आणि मुख्य म्हणजे रिव्हर्समध्ये होडी थांबवतो.

वजनाचं म्हणाल तर, ४ ते ६ अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक इंजिन २५ किलोच्या पुढे जातं, १० चं चाळिशीच्या पुढे. हे सगळं वजन होडीच्या अगदी मागच्या टोकाला लोंबकळतं आणि त्याच्या शेजारी चालवणारा माणूस बसतो. पेट्रोलची टाकी, नांगर, पाण्याचे कॅन शक्य तितके पुढे ठेवा.

निघण्याआधी

इंजिन मागच्या फळीला आवळणारे दोन्ही स्क्रू हाताने घट्ट करा आणि दहा मिनिटं चालवल्यावर पुन्हा घट्ट करा, कारण कंपनाने ते सैल होतात. इंजिन साखळीने किंवा जाड दोराने होडीला वेगळं बांधलेलं असू द्या.

पेट्रोलची सुटी टाकी होडीत भरू नका, धक्क्यावर उतरवून भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळाशी जाऊन साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. चार-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल बघा. जुनं दोन-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलंय ना, ते बघा. पेट्रोलचा हिशेब तीन भागांत करायचा: एक भाग जायला, एक यायला, एक राखीव. राखीव भागाला हात लागला तर परत आल्यावर त्याचं कारण शोधा.

आता दोर. शिडाच्या होडीच्या इंजिनाचा सर्वांत मोठा शत्रू होडीवरच असतो आणि तो म्हणजे शिडाचा सुटलेला दोर. तो बाजूने पाण्यात लोंबतो, मागे वाहत जातो आणि गिअर टाकताक्षणी पंख्यात गुंडाळला जातो. इंजिन बंद पडतं, तेही नेमकं धक्क्याजवळ, कारण शीड उतरवलेलं असतं तिथेच. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी होडीच्या दोन्ही बाजू डोळ्यांनी पाहा आणि मोठ्याने म्हणा, "सगळे दोर आत." ही सवय लावून घ्या.

इंजिन सुरू झालं की मागून पाण्याची बारीक धार पडायला हवी. धार नाही म्हणजे थंड करणारं पाणी फिरत नाही. ताबडतोब बंद करा.

किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणाऱ्या खटक्याची, लाल दोरी मनगटाला नको, मांडीला किंवा लाइफ जॅकेटला अडकवा. मनगटावरून ती निसटते. माणूस पाण्यात पडला, इंजिन चालूच राहिलं आणि मूठ सुटल्यावर ते एका बाजूला वळलं, तर होडी गोल फिरून त्याच माणसावर येते. ही दोरी त्यासाठी आहे. "दोन मिनिटांचं तर काम आहे" म्हणून ती लावायची टाळू नका.

डोलकाठीची पाण्यापासूनची उंची, टोकावरच्या अँटेनासकट, मोजून लिहून ठेवा. इंजिनावर चालताना आपण पूल आणि विजेच्या तारा असलेल्या अरुंद पाण्यात जातो, एरवी तिकडे फिरकतही नाही. भरतीला तारेखालची मोकळी जागा कमी होते. ॲल्युमिनियमची काठी तारेला टेकायचीही गरज नसते, नुसती जवळ गेली तरी वीज उडी मारू शकते.

पहिली फेरी: आपला तक्ता बनवा

वारा नसलेली सकाळ निवडा. मोकळं, खोल पाणी हवं. जीपीएस किंवा फोन सोबत घ्या. थ्रॉटल (रेसची मूठ) पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशा चार टप्प्यांवर ठेवून प्रत्येक टप्प्यात एकदा एका दिशेने आणि लगेच उलट दिशेने जा. दोन्ही वेगांची सरासरी घ्या, म्हणजे प्रवाहाचा परिणाम निघून जातो. जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतो, होडीला कळतो तो पाण्यातला. एका नॉटच्या प्रवाहाविरुद्ध जाताना फोनवर साडेतीन दिसले तर होडी साडेचारने जात आहे, आणि तो दिसणारा आकडा वाढवण्यासाठी रेस पिळत बसणं म्हणजे नुसतं पेट्रोल जाळणं.

तक्ता लिहून झाला की दिसेल, अर्ध्या थ्रॉटलपर्यंत वेग भराभर वाढतो, पाऊणपर्यंत थोडासा, आणि शेवटच्या पावात जवळजवळ नाहीच. आवाज, धक्के आणि पेट्रोल मात्र त्या शेवटच्या पावातच वाढतं. माझ्या मते रोजचा वेग म्हणजे मर्यादेच्या ऐंशी टक्के. सहा नॉटच्या होडीला पावणेपाच. तिथे इंजिन शांत असतं, समोरून झोत आला तर ताकद हाताशी असते आणि एक टाकी बरीच लांब जाते. विजेचं आउटबोर्ड असेल तर हा नियम आणखी कडक पाळा. पूर्ण वेगात तासाभरात संपणारी बॅटरी अर्ध्या वेगात कितीतरी पट अंतर नेते.

याच फेरीत थांबण्याचं अंतरही मोजा. रिकामा तरंगता डबा टाका, रोजच्या वेगाने त्याच्या शेजारी आल्यावर न्यूट्रल करा आणि होडी किती लांबी पुढे जाऊन थांबते ते पाहा. मग हेच रिव्हर्स लावून करा. रिव्हर्सआधी इंजिनाचा टिल्ट-लॉक (ते खाली धरून ठेवणारी खिट्टी) लागलेला असल्याची खात्री करा, नाहीतर इंजिन पाण्यातून वर उसळतं. सुकाण्याची दांडीही घट्ट धरा. उलट जाताना पाणी सुकाणू एका झटक्यात आडवं करतं आणि दांडी हातातून हिसकावते. परत येताना डबा उचलून घ्या.

वेग उतरवण्याची रीत

हे जलद शिकवलं जातं आणि लवकर विसरलं जातं, म्हणून थोडं थांबून सांगतो. एकदा मी लहान डिंगी पूर्ण रेसने आणत होतो. मागे तीन जण बसलेले. धक्का जवळ आला तशी मूठ एकदम सोडली. होडी थबकली, पण तिच्या मागची लाट थबकली नाही. ती तशीच चालत आली आणि मागच्या फळीवरून आत शिरली. घोट्यापर्यंत पाणी, पेट्रोलची टाकी तरंगती, सगळे घाबरून एकाच बाजूला सरकलेले. होडी उलटली नाही ती केवळ पाणी शांत होतं म्हणून.

पूर्ण वेगात मागचं टोक आधीच खाली बसलेलं असतं. त्यात मागे माणसांची गर्दी आणि इंजिनासाठी कापून उंची कमी केलेली मागची फळी. म्हणून वेग तीन टप्प्यांत उतरवा, प्रत्येक टप्प्यात मागची लाट पुढे निघून जाऊ द्या. माणसांना मधोमध बसवा. डिंगीत एकटे असाल तर इंजिनाच्या दांडीला जोडनळी लावून पुढे सरकून बसा. नाळ आभाळाकडे आणि खालून वारा, अशी हलकी डिंगी मागच्या मागे उलटू शकते.

उथळ पाण्यात हेच जास्त जोरात होतं. एक मीटर खोलीत लाटेचा वेगच सहा नॉटच्या वर जात नाही, अर्ध्या मीटरमध्ये सव्वाचारच्या. रेस तीच असताना मागची लाट अचानक फुगली आणि होडी जड वाटू लागली, तर तळ वर आला आहे असं समजा आणि रेस कमी करा. सेंटरबोर्डही, म्हणजे तळातून पाण्यात सोडलेली उचलती फळी, थोडा उचला. पूर्ण नको, कारण बोर्ड नसेल तर बाजूच्या वाऱ्याने होडी खेकड्यासारखी तिरकी सरकते. मात्र पळणाऱ्या हलक्या डिंगीत बोर्ड जवळजवळ वर घ्या. वेगात वळताना खोल बोर्ड पाण्यात अडतो आणि होडी त्याच्यावरून कलंडते.

धक्क्याला लागताना

शिडं उतरवलेली असली तरी डोलकाठी, दोर आणि उंच नाळ वारा धरतातच. वेग दीड नॉटच्या खाली गेला की सुकाण्याला पाणी पुरत नाही आणि नाळ वाऱ्यासोबत वाहू लागते. यावर उपाय आउटबोर्डमध्येच आहे: ते वळतं. सुकाणू मधोमध ठेवून इंजिन वळवा आणि रेसचा छोटा झटका द्या. होडी फिरेल, पण पुढे फारशी जाणार नाही. आधी मात्र उभ्या होडीत, इंजिन बंद ठेवून, दोन्ही पूर्ण वळवून पाहा. काही होड्यांत पंखा सुकाण्याच्या पात्याला लागतो.

वारा किंवा प्रवाह, जो जास्त जोरदार असेल त्याच्या तोंडाला तोंड देऊन या. तोच तुमचा ब्रेक. ज्या वेगाने धक्क्यावर आदळलेलं चालेल, त्याच वेगाने जवळ जा. आणि होडी धक्क्यापासून दूर ठेवायला हात-पाय मध्ये घालू नका, त्यासाठी फेंडर, म्हणजे बाजूला टांगलेल्या धक्का झेलणाऱ्या उशा, आहेत.

लाटांत

समोरून लाटा आल्या की रेस वाढवावीशी वाटते. उलट ती कमी करा आणि लाटा थोड्या तिरक्या घ्या. पंखा हवेत येऊन इंजिन किंचाळत असेल तर माणसं मागे घ्या. तरीही थांबत नसेल तर मुख्य शीड लहान करून, ताणून चढवा. होडीचं डोलणं कमी होतं आणि इंजिनाला मदत मिळते. मागून लाटा येत असतील तर लाटेवरून घसरत जाण्याचा मोह टाळा. त्या वेगात सुकाणू हलकं पडतं आणि होडी आडवी होते.

मागून वारा असताना धूर पुढे येऊन कॉकपिटमध्ये आणि केबिनमध्ये साचतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. केबिनमध्ये झोपलेल्या मुलाचं डोकं दुखू लागलं तर ते समुद्र लागण्यावर ढकलू नका. त्याला आधी मोकळ्या हवेत आणा, दिशा बदला, इंजिन बंद करा.

माणूस पाण्यात पडला तर

ताबडतोब न्यूट्रल. माणूस ज्या बाजूला पडला त्याच बाजूला होडी वळवा, म्हणजे मागचं टोक आणि पंखा त्याच्यापासून दूर जातो. एकाने नजर त्याच्यावरून हलवायची नाही, बोट रोखून धरायचं. वळून सावकाश जवळ या आणि तो हाताच्या अंतरावर आला की इंजिन पूर्ण बंद करा. न्यूट्रल पुरत नाही. न्यूट्रलमध्येही पंखा फिरत राहू शकतो, आणि घाईत गिअरला धक्का लागू शकतो. मागच्या शिडीवरून वर घ्यायचं असेल तर हे आणखी कटाक्षाने पाळा.

नियम बदलतो, हे लक्षात ठेवा

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करविरोधी नियमांनुसार, इंजिन होडीला ढकलू लागलं की शीड वर असलं तरी ती यांत्रिक होडी ठरते. शिडाच्या होडीला मिळणारा मान संपतो. उजवीकडून येणाऱ्या यांत्रिक जहाजाला तुम्ही वाट द्यायची, समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. शीड आणि इंजिन दोन्ही चालू असतील तर दिवसा पुढच्या भागात टोक खाली केलेला काळा शंकू दाखवायचा असतो. रात्री बाजूचे लाल-हिरवे दिवे आणि सर्वत्र दिसणारा पांढरा दिवा हवा. होडी ७ मीटरपेक्षा लहान आणि तिचा कमाल वेग ७ नॉटच्या आत असेल तर एकटा पांढरा दिवा चालतो. बाजूचे दिवे लावणं शक्य असेल तर तेही लावायचे.

इंजिन बंद पडलं तर

नांगर नेहमी टाकण्याच्या तयारीत असू द्या. मुख्य शीड बंदराच्या तोंडाशी पूर्ण बांधून टाकू नका, एका ओढीत वर जाईल असं ठेवा. वल्हं बरोबर घ्या. प्लग, पाना, ओढायची जादा दोरी आणि पंख्याची शिअर पिन (पंखा अडला की आधी तुटणारी खिळी) असलेली पिशवी इंजिनाजवळ ठेवा, केबिनच्या तळाशी नाही.

आणि कोणी मोटरबोटवाला मदतीला आला, तर दोर देण्याआधी त्याला वेग सांगा. हे फार कमी जण करतात. सहा नॉटची होडी त्याने त्याच्या सवयीने दहा नॉटने ओढली, तर तुमची नाळ उचलली जाईल, मागचं टोक बुडेल, दोराचे खुंटे फळीसकट उपटून येतील किंवा होडी आडवी होऊन उलटेल. "चार नॉटच्या वर नको," असं स्पष्ट सांगा, थांबण्याची हाताची खूण ठरवून घ्या. सेंटरबोर्ड थोडा वर, माणसं मागे आणि खाली, सुकाण्यावर एक जण कायम. दोराच्या सरळ रेषेत कोणी बसू नये, कारण तुटलेला दोर चाबकासारखा मागे येतो. गाठ अशी मारा की ताणाखालीही सुटेल, आणि खुंट्याजवळ बसलेल्याच्या हातात धारदार सुरी द्या.